हद्दीपलीकडे गेलेला रोहू

केतकी लग्न होऊन नोएडाला आली ते सत्त्याण्णव साल. खिडकीतून जिकडे पाहावं तिकडे अर्ध्या उभ्या इमारती आणि सिमेंटची धूळ. नवरा साकेत नव्याने निघालेल्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. रविवारसुद्धा ऑफिसातच जायचा. सासरे विनायकराव केंद्र सरकारच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. दोन महिन्यांत त्यांचं आणि केतकीचं बोलणं ‘चहा ठेवू का?’ आणि ‘चालेल’ याच्या पुढे गेलं नव्हतं.

निवृत्तीनंतर त्यांना मासेमारीचा नाद लागला होता. होळीच्या आधीच्या रविवारी ते दुपारी गळाला लावायची कणीक मळायला बसले, तेव्हा सासूबाई साधनाताई हसून केतकीला म्हणाल्या, “जा गं यांच्याबरोबर, तेवढीच हवा लागेल. रोज गोळे घेऊन जातात आणि रिकामे येतात. आणि हो, चुकून काही मिळालंच, तर सोडून द्या. त्या यमुनेतलं माझ्या घरात आणायचं नाही!”

केतकी कोकणातल्या हर्णैची. वडिलांबरोबर समुद्रकाठच्या खडपावर, खडकांवर बसून तिने कितीतरी संध्याकाळी मासे गरवण्यात घालवल्या होत्या. पण नदीचा गळ आणि रीळ लावलेली काठी तिने कधी हातात धरली नव्हती. सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसताना तिने यातलं काहीच सांगितलं नाही.

यमुनेवरच्या बंधाऱ्याच्या वर पाणी तुंबून मोठं तळं झालेलं. पलीकडचा पाणगवताचा आणि लव्हाळ्याचा भाग पक्ष्यांचं अभयारण्य. पाण्यात रोवलेल्या लाल बांबूंची रांग ही त्याची हद्द. अलीकडे गळ टाकायला परवानगी, पलीकडे सक्त मनाई. परदेशी बदकं परतीच्या तयारीत होती, त्यांचा नुसता कालवा चालला होता. केतकीला एकदम मोकळं वाटलं. इतकं पाणी तिने हर्णै सोडल्यापासून पाहिलंच नव्हतं.

ऊन कललं तरी काठी हलेना. विनायकराव थर्मासमधला चहा ओतायला वळले आणि केतकीला दोरी किंचित सैल पडलेली दिसली. सैल, मग ताठ.

“बाबा, लागलाय!”

कप तिथेच टाकून त्यांनी काठी धरली आणि दोन्ही हातांनी मागे खेचली. रीळ किंचाळलं. दोरी पाणी कापत सुटली, काठी धनुष्यासारखी वाकली.

“ओढू नका!” केतकी ओरडली. “तुटेल! जाऊ द्या त्याला, दोरी द्या!”

आपण सासऱ्यांवर ओरडलो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी मात्र तिच्याकडे पाहिलं आणि काठी सरळ तिच्या हातात दिली. “तूच धर. सांग, मी काय करू?”

“मागे थांबा. मी घसरले तर पकडा!”

मासा थेट लाल बांबूंकडे निघाला होता. तिने अंगठा रिळावर दाबला, कातडं सोलवटलं, तरी तो थांबेना. बघता बघता दोरी दोन बांबूंच्या मधून पलीकडे गेली. बांधावरून शिट्टी वाजली. अभयारण्याचा रखवालदार हरिदास सायकल टाकून धावत आला.

“मैडम, उधर मना है! काटो, डोरी काटो!”

“दो मिनट, भैया!” विनायकराव हात जोडून म्हणाले. “मछली गई है, हम थोड़े ही गए हैं!”

“बाबा, चाकू काढून ठेवा,” केतकी धापा टाकत म्हणाली. “बांबूला दोरी गुंडाळली तर कापायची.”

खडपावर मोठा मासा कपारीत शिरू लागला की वडील आडवे चालत जायचे, ते तिला आठवलं. ती सलवारीसकट चिखलात उतरली आणि काठी पाण्यालगत आडवी धरून काठाकाठाने डावीकडे सरकू लागली. पाणी गुडघ्यांवर आलं. विनायकरावांनी मागून तिची ओढणी घट्ट धरली होती. लव्हाळ्यात मोठी खळबळ झाली, बदकांचा एक थवा फडफडत उठला आणि माशाचं तोंड वळलं.

“वळला! बाबा, वळला!”

“गुंडाळ, दोरी गुंडाळ!” विनायकराव ओरडत होते. “शाबास पोरी!”

“आ गई! इधर आ गई!” आता हरिदासही नाचत होता. त्याने खांद्यावरचा गमछा ओढला आणि बुटांसकट पाण्यात शिरला. माशाने आणखी दोनदा धाव घेतली, पण दोन्ही वेळा अलीकडेच. शेवटी तो कुशीवर झाला. तिघांनी मिळून तो गमछ्यात उचलला. लालसर खवल्यांचा, केतकीच्या हाताएवढा लांब रोहू होता.

केतकीने ओठातली गरी अलगद सोडवली. विनायकरावांनी त्याला पाण्यात दोन्ही तळव्यांवर धरून ठेवलं. कल्ले हलू लागले, शेपटीचा फटका बसला आणि त्यांचा चेहरा चिखलाने भरला. मासा गेला.

“इतनी बड़ी… छोड़ दी?” हरिदास बघतच राहिला.

“हमारी होम मिनिस्टर का ऑर्डर है,” विनायकराव म्हणाले आणि इतके हसले की त्यांना काठावर बसावं लागलं.

घरी दार उघडताच साधनाताईंनी दोघांचे अवतार पाहून कपाळावर हात मारला. “अहो, काय झालं काय?”

“अगं, ऐक तर!” विनायकराव चपलाही न काढता सुरू झाले. हात पसरून त्यांनी माशाची लांबी दाखवली.

“बाबा, एवढा नव्हता,” केतकी म्हणाली.

“गप गं तू. तू काठी धरली होतीस, तुला कुठे नीट दिसला?”

साधनाताई एकदा नवऱ्याकडे, एकदा सुनेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पाणी तापत ठेवलं आणि पदराला हात पुसत सोफ्यावर येऊन बसल्या. “बरं, सांगा आता. पहिल्यापासून सांगा. आणि दोघं एकदम बोलू नका.”

पण दोघंही एकदमच बोलायला लागले.