फोनवरच्या भुवया

"बोल ना! तोआकाई, तोंडाने बोल!"

आरोइता इतक्या जोरात ओरडली, की टपरीसमोर रिचार्जसाठी उभे असलेले आम्ही सगळे गप्प झालो. फोन स्पीकरवर होता. तिचा नवरा पहाटे मासेमारीला गेला होता, दुपार उलटली तरी परतला नव्हता, आणि आता त्याचा फोन आला होता.

"इंजिन बंद पडलंय," तो म्हणाला होता.

"बेट दिसतंय का?"

"नाही." एवढं आम्हालाही स्पष्ट ऐकू आलं.

"मायाना बेटाच्या बाजूला गेलायस का?"

यावर काहीच नाही. थोडा वेळ नुसती शांतता, आणि मग फोन कट.

आमच्या बेटांवर 'हो' म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. भुवया वर केल्या की झालं. 'नाही' मात्र बोलावं लागतं. घरोघरी फोन आले तरी ही खोड गेली नाही. पलीकडचा विचारत बसतो, अलीकडचा भुवया उडवून मोकळा होतो, आणि मग दोघांचं भांडण जुंपतं. तोआकाई तर त्यातही अव्वल. लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हासुद्धा त्याने भुवयाच उडवल्या होत्या.

आरोइताने पुन्हा फोन लावला. नंबर रेंजबाहेर. तिने त्याचा जुना नंबर लावला. तो बंद.

इथे कंपन्या दोनच. जुनीची रेंज समुद्रात लांबवर जाते, पण तिचं बोलणं महाग. नवीने सिम फुकट वाटली आणि आपापसातलं बोलणं अगदी स्वस्त केलं, पण खडकांची कड ओलांडून थोडं पुढे गेलं की तिची रेंज गुल. म्हणून कोळी दोन्ही सिम जवळ ठेवत. पण जुन्यात बरेच दिवस रिचार्ज मारलं नाही तर कंपनी नंबरच काढून टाकते, आणि स्वस्ताई आल्यावर जुन्याला विचारतो कोण? आरोइता दोन्ही कंपन्यांची सिम विकते, तिला हे पाठ होतं. तरी तिनेच नवऱ्याला म्हटलं होतं, "कशाला त्या जुन्याला पोसायचं?"

आता तिने तोच बंद नंबर पुन्हा एकदा लावून पाहिला.

पोलीस लाँचवरचा बाउरो गर्दीतून पुढे आला. "कुठे शोधू? दक्षिणेला मायानाकडे की पश्चिमेला? लाँच एकच आहे, आरोइता."

पश्चिमेला उघडा समुद्र. तिकडे वाहत गेलेल्यांतला एखादाच कधीतरी परक्या देशात सापडतो.

"मायानाकडे," आरोइता म्हणाली.

"तो म्हणाला तसं?"

"हो म्हणाला."

"अगं, मी मागेच उभा होतो. मला तर काही ऐकू आलं नाही."

"म्हणूनच सांगते. नाही असतं तर बोलला असता."

बाउरोने तिच्याकडे पाहिलं, भुवया वर केल्या आणि धक्क्याकडे पळाला. आमच्यापैकी कुणीही हसलं नाही.

मग वाट पाहणं सुरू झालं. आरोइता टपरीत बसून गिऱ्हाइकांना चुकीची कार्डं देत होती आणि गिऱ्हाइकं निमूट घेत होती. शेजारची तेबेरे तिला नारळपाणी पाजायला आली.

"परत आला की चांगलं खडसाव त्याला," तेबेरे म्हणाली. "म्हणावं, एकदा तरी तोंड उघड मेल्या, दात किडले का तुझे?"

आरोइता हसली नाही. तिने हळूच विचारलं, "तेबेरे, रेंज गेली तरी असंच ऐकू येतं ना गं? अगदी असंच?"

तेबेरे काही बोलली नाही. तिच्या भुवयाही हलल्या नाहीत.

सूर्य पाण्याला टेकायच्या सुमारास लाँच परत आली. मागे दोराला तोआकाईची होडी होती, आणि लाँचमध्ये ओठ फुटलेला, डोळे सुजलेला तोआकाई. आरोइता धक्क्यावर कशी पोचली तिचं तिलाच कळलं नाही. तिने त्याचा दंड घट्ट धरला.

"मायानाचं विचारलं तेव्हा हो म्हणालास ना?"

"कधी?"

"फोनवर!"

"छे गं. बेट दिसत नाही म्हणालो आणि रेंज गेली. पुढचं काही ऐकलंच नाही मी."

दोर बांधणाऱ्या बाउरोचे हात थांबले. त्याने एकदा पश्चिमेकडे पाहिलं आणि मान खाली घालून पुन्हा गाठ मारू लागला.

आरोइता तिथेच ओल्या फरशीवर बसली. तिने ओंजळीत तोंड लपवलं आणि आतूनच विचारलं, "तुला भीती वाटली का रे?"

तोआकाईने भुवया वर केल्या. तिला ते दिसलं नाही. मग गुडघ्यावर बसून त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"हो," तो म्हणाला. आणि तिने ऐकलं की नाही याची खात्री नसल्यासारखा पुन्हा एकदा, मोठ्याने, "हो."