तिसऱ्या दिवसाचा पगार

माझा भाऊ कवडीचुंबक आहे. हे मी त्याच्या तोंडावर सांगतो, वहिनींसमोर सांगतो आणि गिऱ्हाईक उभं असलं तरी सांगतो. माझ्या नाकावर राग आहे, हे तोही तसंच सांगत फिरतो. दोघंही खरं बोलतो, म्हणून आमचं कधी पटलं नाही.

वडिलांनी आम्हा दोघांच्या नावावर एक कारखाना ठेवला. तीन प्रेस, एक ग्राइंडर आणि कोपऱ्यात काचेची केबिन. पत्र्यातून वॉशर कापायचे आणि पोत्यात भरून पाठवायचे, हा धंदा. दादा केबिनमध्ये बसून पैसा सांभाळतो, मी मशीनवर. सगळ्यांचा पगार एक तारखेला ठरलेला, माझाही. दादा देतो तीन तारखेला संध्याकाळी, माणसं चपला घालून दारात उभी राहिली की. मी बोललो तर म्हणतो, "तीन दिवस पैसा बँकेत राहिला तर तुझ्या बापाचं काय जातं?" बाप दोघांचा एकच, हे त्याच्या लक्षात येत नाही.

तीन नंबरच्या प्रेसला पुढून जाळी नव्हती. हात आत जाऊ नये म्हणून असते ती. मी वर्षभर मागत होतो. वर्षभर एकच उत्तर, "पुढच्या महिन्यात बघू." मागच्या उन्हाळ्यात त्या प्रेसने माझ्या डाव्या हाताची दोन बोटं घेतली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. जाळीची किंमत किती? कारखान्यात महिन्याला चहा लागतो तेवढी. नंतर बसवली म्हणे. बैल गेला नि झोपा केला! मी पुन्हा त्या प्रेसकडे फिरकलोही नाही, ग्राइंडरवर उभा राहू लागलो.

आता एकत्र राहणं शक्यच नव्हतं. एकाने बाहेर पडायचं आणि दुसऱ्याने त्याला वर्षभरात पैसे देऊन मोकळं करायचं, इथपर्यंत एकमत होतं. कुणी बाहेर पडायचं, यावर घोडं अडलं. आईने सांगून ठेवलं होतं, कोर्टात गेलात किंवा हातघाईवर आलात तर माझं मेलेलं तोंडसुद्धा बघू नका. शेवटी वहिनी वैतागून म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीत रोज त्या लढाया खेळता ना दोघं? त्यावरच ठरवा एकदाचं!"

त्या चेष्टेने बोलल्या होत्या. दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चालेल."

खेळ आहे जुन्या काळच्या राजांचा. किल्ला, गावं, शेतं, गिरणी, खजिना. कर लावायचा, कोठार भरायचं, सैन्य पोसायचं आणि शेजाऱ्याला बुडवायचं. केबिनमधल्या दोन कंप्यूटरवर बारा वर्षं आम्ही एकच राज्य चालवलं. खजिना त्याच्याकडे, तलवार माझ्याकडे. तिथे दर दहाव्या दिवशी सैनिकांचा पगार येतो. थकला तर ते तीन दिवस वाट बघतात. तिसऱ्या दिवशी त्यांची निष्ठा तळाला जाते आणि समोरच्याने सोनं दाखवलं की ते त्याच्या बाजूला जातात, किल्ल्याचं दार उघडून.

दादा पगार कधी द्यायचा? तिसऱ्या दिवशी, सूर्य टेकला की. मधल्या काळात तेच सोनं धान्यात फिरवायचा, स्वस्तात घेऊन महागात विकायचा. खजिना फुगायचा आणि माझी माणसं तटावर मरायची. एकदा माझे चारशे तिरंदाज असेच फुटले आणि त्यांनी माझ्याच लोकांच्या पाठीत बाण घातले. दादा शांतपणे म्हणाला, "चारशे जणांचा पगार वाचला." त्या दिवशी मी जेवणाचा डबा भिंतीवर फेकला होता. त्याचा पोचा अजून आहे.

तर अशा माणसाविरुद्ध मला खेळायचं होतं, या वेळी ज्याचं राज्य त्याचं वेगळं. डोकं चालवायची गरजच नव्हती.

रविवार होता, महिन्याची अठ्ठावीस तारीख. कारखाना बंद. दोन कंप्यूटर, दोघांच्या पाठी एकमेकांकडे, आणि मधे खुर्ची टाकून वहिनी. त्यांच्या मांडीवर कागद होता. हरणाऱ्याने सही करायची आणि कारखाना सोडायचा. खेळातला एक दिवस म्हणजे आपली दोन मिनिटं. मी मनात तारीख पक्की केली होती. सत्तराव्या दिवशी पगार, म्हणजे त्र्याहत्तराव्या दिवशी दुपारी दादाच्या दारात.

फक्त सोनं हवं होतं, लाच द्यायला. हिशेब हा काही माझा प्रांत नाही, म्हणून मी सरळ लुटायला निघालो. दादाची सात गावं होती. पहिल्या गावात माणसं शेतातच गाठली आणि विळे हातात असताना कापली. दुसऱ्यात त्यांनी दारं लावून घेतली, मग मी छपरं पेटवली आणि बाहेर पडतील तसे भाल्यावर घेतले. गिरणीवाल्याने सोनं कुठे पुरलंय ते सांगितलं नाही. त्याला त्याच्याच पाणचक्कीवर बांधला. चाक फिरत राहिलं, तो दर फेरीला पाण्याखाली जाऊन वर येत राहिला आणि चौथ्या फेरीला गप्प झाला. खेळातलं पाणी लाल होतं हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तेवढ्याने भागेना. मी माझ्या रयतेवर निम्म्या पिकाचा कर लावला. एक गाव उठलं आणि त्यांनी माझ्या कर घेणाऱ्याला खांबाला लटकावलं. तेही गाव मी जाळलं.

"अहो भाऊजी, ते तुमचंच गाव होतं," वहिनी म्हणाल्या.

"होतं," मी म्हटलं.

पाठीमागून दादा बोलला, "जाळ, जाळ. पण सगळी मेल्यावर कर कोण देणार, बारक्या?"

"तू गेलास की बघतो."

त्र्याहत्तरावा दिवस उजाडला. दोन हजार माणसं आणि तीन हजारांचं सोनं घेऊन मी दादाच्या किल्ल्यासमोर उभा राहिलो. हेर पाठवला असता तर आतली हवा कळली असती. पण हेराला साठ मोहरा पडतात. कशाला घालवायच्या? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. देव आहे की नाही याबद्दल मला शंका आहे, दादाच्या उशिराबद्दल कधीच नव्हती.

मी सोनं पाठवलं. पडद्यावर अक्षरं आली: शिबंदीने सोनं स्वीकारलं. दार उघडलं.

"आलो रे दादा," मी ओरडलो आणि सगळी फौज आत घातली.

शेवटचा माणूस आत शिरला आणि मागे लोखंडी फाटक पडलं. समोरचं दार बंदच होतं. मधे अंगण, चारी बाजूंना तट, आणि तटावर दादाची माणसं. आधी उकळतं तेल आलं. पुढच्या रांगा कातडी सोलल्यासारख्या झाल्या आणि मागच्यांवर उलट धावल्या. मग बाण. माझे स्वार घोड्यांखाली चिरडले, भालेकरी एकमेकांच्या भाल्यांवर गेले. माणूस मरून पडायलाही जागा नव्हती, मेलेले उभेच राहिले. मी बटणं बडवत होतो. मागे फिरा, तट चढा, काहीही करा! दोन हजारांचे पाचशे झाले, पाचशेंचे चाळीस. शेवटी माझा सरदार एकटा राहिला. त्याला त्यांनी गुडघ्यावर बसवून मुंडकं उडवलं आणि ते माझ्याच तीन हजारांच्या पेटीवर ठेवलं.

मी वळलो. "ते फुटले नाहीत. का फुटले नाहीत? आज तिसरा दिवस आहे!"

दादा खुर्चीत मागे रेलून हसत होता. "पगार दिला होता ना."

"कधी?"

"सत्तराव्या दिवशी. पहाटेच. वर दहा टक्के जास्त." त्याने बोटं मोडली, दहाच्या दहा. "मला माहीत होतं तू तिसऱ्या दिवशी येणार. सोनं घ्या आणि दार उघडा, हा हुकूमही माझाच. बारा वर्षं तू त्याच्याच नावाने शिमगा करतोयस."

खरं सांगतो, कारखाना गेला याचं मला त्या क्षणी काहीच वाटलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घणासारखी पडत होती. याला जमतं. वेळेवर देणं याला जमतं! बारा वर्षं मला वाटत होतं की हा स्वभावच आहे बिचाऱ्याचा, काय करणार. तो तर गरज पडली की पहाटे उठून देतो. माझ्यासाठी कधी गरज पडली नव्हती, एवढंच.

मी कीबोर्ड उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. नाक मोडल्याचा आवाज आला. बटणं जमिनीवर उडाली. तो उठला तसा मी त्याला काचेवर आपटला. काच तडकली, त्याच्या कपाळातून रक्ताची धार लागली. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला, मी त्याचे केस धरले. वहिनी मधे पडल्या, मी त्यांना ढकललं. त्यांच्यावर मी त्याआधी आवाजही चढवला नव्हता. दादाला फरफटत मी केबिनबाहेर काढला, तीन नंबरपर्यंत. एका हाताने स्विच मारला. मोठं चाक घरघरत वेग घ्यायला लागलं. जाळी कोपराने वर ढकलली आणि त्याचा डावा हात आत घातला, पत्रा कापणाऱ्या डायच्या खाली, बरोबर जिथे माझा होता तिथे.

"बारक्या," तो म्हणाला. "बारक्या, नको रे. मी देतो. काय म्हणशील ते देतो."

"कधी?" मी विचारलं.

आणि पायडल दाबलं.

चाक फिरत राहिलं. वरचा भाग जागचा हलला नाही. मी पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. दादाने डोळे गच्च मिटले होते, तोंड उघडं होतं. त्याचा हात डायखाली होता, पाच बोटांचा.

वहिनींनी मेन स्विच पाडला. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या.

"जाळी वर असली की प्रेस खाली येत नाही," त्या म्हणाल्या. "यांनी तशीच बसवून घेतलीय. तुमचं झालं त्यानंतर."

"कधी?" मी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी."

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात होतो आणि डॉक्टर मला सांगत होते की बोटं परत लागणार नाहीत.

मी दादाचा हात धरून बाहेर काढला. त्याला स्वतःहून काढता येत नव्हता. मग केबिनमध्ये गेलो आणि कागदावर सही केली. डाव मी हरलो होतो, त्यात वाद नव्हता. दादा नाकाला फडकं लावून आत आला. कपाट उघडलं आणि नोटा मोजायला लागला. दोनदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. माझ्या महिन्याचा पगार होता. एक तारखेला अजून वेळ होता.

मी घेतला. घरी गेलो तेव्हा आई भाजी निवडत बसली होती.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"दादा."

"मारामारी नाही ना केलीत?"

"नाही," मी म्हटलं आणि हात धुवायला गेलो. रक्त लगेच निघालं. पण पायात अजून ते पायडल होतं, आणि मी त्यावर पूर्ण वजन टाकलं होतं, तीन वेळा.