उकळत्या पाण्याचा आळ

सुनेनं पोरीला उकळत्या पाण्यानं भाजलं, असं माझ्या सासूबाई दवाखान्याच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. पन्नास वर्षं होऊन गेली, पण तो आवाज अजून कानांत आहे. माझ्या तान्ह्या लेकीची कातडी काखेतून, पाठीवरून ओल्या कागदासारखी सुटत होती.

"पाणी कोमट होतं. मी कोपर बुडवून पाहिलं होतं," मी म्हणाले.

"मग कातडी काय वाऱ्यानं सोलली, वहिनी?" नणंदेनं विचारलं.

नवरा हळूच म्हणाला, "चुकलं म्हण आणि मोकळी हो."

"न केलेल्या चुकीची माफी मागायला मला माहेरी शिकवलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी पोरीला नीट तपासलं. "हे भाजणं नाही. नाकाजवळच्या या फोडात जंतू आहेत. ते तिथेच बसून विष सोडतात. विष रक्तातून अंगभर पसरतं आणि वरची कातडी सुटते. दाखल करा, औषधानं बरी होईल."

सासूबाई म्हणाल्या, "देव पावला! आता झालं गेलं विसरून जा गं."

"आळ चारचौघांत घेतलात, आई. मागेही चारचौघांतच घ्या. नाहीतर पोर बरी झाली की मी इथून थेट माहेरी जाईन."

नवऱ्यानं माझ्याकडे डोळे वटारले. मीही वटारले.

शेवटी सासूबाई बाकाकडे गेल्या. "आमच्या सुनेनं नाही हो भाजलं. जंतूंच्या विषानं झालंय."

कडेला बसलेली म्हातारी बहिरी होती. तिच्यासाठी मी सासूबाईंना पुन्हा मोठ्यानं सांगायला लावलं.