खात्रीनं माहीत नाही

मनीषनगरातल्या एका सोसायटीत मी एकदा खरं बोललो, आणि तिथून माझी प्रगती सुरू झाली.

आमचं रामदासपेठेत भूजल सर्वेक्षणाचं ऑफिस आहे. म्हणजे बोअर कुठं मारायची ते आम्ही सांगतो. या धंद्याची रीत अशी की आधी आम्ही मशीन नेतो, जमिनीत सळया ठोकतो, वीज सोडतो आणि आकडे घेतो. मग पाणी शोधून देणारे आमचे नानाजी येतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते त्याच आवारात फिरतात आणि नारळ उभा झाला की तिथं चुन्याची फुली मारतात. मशीन सोसायटीच्या ठरावासाठी, नारळ सोसायटीच्या विश्वासासाठी. फुली पडली की आमच्यापैकी एकानं 'गॅरंटी' म्हणायचं असतं. पाणी लागलं नाही तर खडकाला दोष द्यायचा. खडक उलटून बोलत नाही.

त्या दिवशी मनीषनगरात मला कडकडून भूक लागली होती. पाणी लागेल ना, असं अध्यक्षबाईंनी विचारलं आणि मी गॅरंटी म्हणायचं विसरलो. म्हणालो, "मला माहीत नाही."

एका निवृत्त गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. बिल्डर आल्यापासून या इमारतीत पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोललं, असं ते म्हणाले. सोसायटीनं तिथंच बोअर मारली. पाणी लागलं. नसतं लागलं तरी चाललं असतं, कारण मी सांगितलंच होतं.

आमच्या मालकीणबाई कामिनी मॅडम नुकत्याच मुंबईहून एक कार्यशाळा करून आल्या होत्या. करिअर पुढं न्यायचं तर माणसाची व्यावसायिक ओळख त्याच्या खरेपणातून उभी राहिली पाहिजे, असं त्यात शिकवलं होतं. मॅडमनी मला समोर बसवून माझा खरेपणा शोधायला घेतला. बराच वेळ काही सापडलं नाही. मग त्यांना मनीषनगर आठवलं.

माझी नवी व्हिजिटिंग कार्डं आली. मोहित वैरागडे, भूजल सल्लागार, आणि खाली अवतरणचिन्हांत, 'मला माहीत नाही'.

काम धो धो यायला लागलं. रजत नावाचा एक नवा पोरगा मार्केटिंगला घेतला होता. मी वेगवेगळ्या आवारांत माहीत नाही म्हणताना तो माझे रील बनवायचा. लोक घरच्या म्हाताऱ्यांना ऐकायला घेऊन येत. वर्धा रोडवरच्या एका सल्लागारानंही माहीत नाही म्हणायला सुरुवात केली, पण त्याचं ऐकून लोकांना वाटायचं की याला खरंच माहीत नाही.

मॅडमची अट एकच होती. खोटं 'माहीत नाही' म्हणायचं नाही. लोकांना ते कळतं. त्यामुळे मी आकड्यांकडे पाहणं सोडलं. मशीन चालू झालं की मी पाठ करून उभा राहायचो. भूगर्भशास्त्रात मी विद्यापीठात दुसरा आलो होतो, आणि आता पायाखालचा दगड दिसू नये म्हणून वर बघत चालायचो. घरी आई विचारायची, वरणात मीठ बरोबर आहे का. माझ्या तोंडून तेच निघायचं. तिनं मला विचारणं बंद केलं आणि मीठ घालणंही.

हे सगळं मी सहन करत होतो ते एका केबिनसाठी. ऑफिसात वरिष्ठ सल्लागाराची जागा निघाली होती. त्या जागेला केबिन होती, केबिनला एसी होता. बाकी आम्ही मे महिन्यात एका कुलरखाली बसतो. तो हवेपेक्षा पाणी जास्त फेकतो. शिवाय वरिष्ठ झाल्यावर साइटवर जायचं नाही, नुसते अहवाल तपासायचे, म्हणजे आकड्यांकडे पुन्हा बघता येणार होतं. सक्करदऱ्याचं काम नीट पार पडलं की जागा तुझी, असं मॅडमनी सांगितलं होतं.

सक्करदऱ्याची सोसायटी मोठी होती. अध्यक्ष गणपतराव रजिस्ट्री ऑफिसातून निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्टीला 'तोंडी की लेखी' विचारणारे. बोअरची जागा त्यांनी आधीच ठरवली होती. मागच्या भिंतीजवळचा कोपरा. शास्त्रीय कारण असं की बाकी सगळीकडे कोणाची ना कोणाची गाडी उभी राहते.

तो कोपरा पाहिला आणि मी दोन पावलं मागं सरकलो.

मी सक्करदऱ्यातच वाढलो. या इमारतीच्या जागी तेव्हा एका शिकवणीच्या सरांचं घर होतं, आणि मागच्या भिंतीला लागून त्यांची सेप्टिक टँक. बॉल आणायला पळताना तिचं फुटकं झाकण माझ्या पायाखाली गेलं आणि मी मांडीपर्यंत आत गेलो होतो. बॉल सापडला नाही. पुढं कितीतरी दिवस शाळेत मला बाक एकट्याला मिळाला. घर पाडलं, इमारत झाली, वरून फरशा बसल्या. सोसायटीतले सगळे लोक बाहेरून आलेले, त्यांना टाकी होती हेही ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि पाठ करून उभं राहून ते जाणार नव्हतं.

नानाजींनी नारळ घेतला. कोपऱ्यात पोचताच तो असा ताडकन उभा झाला की त्यांनाच धक्का बसला. "लय वल्लं आहे गा खाली," ते म्हणाले. नारळाचं काही चुकत नव्हतं.

काम मोठं म्हणून मॅडमही आल्या होत्या. त्यांना बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, टाकी आता तिथं आहेच, हे मी पाहिलं आहे का. पाहिलं नव्हतं, वर फरशा होत्या. बुजवलीही असेल, त्या म्हणाल्या. म्हणजे एका अर्थानं मला माहीत नाहीच. तेवढंच म्हणायचं.

तोवर खुर्च्या मांडून झाल्या होत्या. सगळी सोसायटी बसली होती, मागं रजत मोबाइल धरून उभा. गणपतरावांनी घसा साफ केला. "मोहितबाबू, पाणी लागन का इथं?"

लोकांचे ओठ माझ्याआधीच हलायला लागले होते. गाण्याची ओळ पाठ असते तसे. एसीची थंड हवा मानेवर जाणवली, खरंच जाणवली. आणि त्याच वेळी हे लोक या पाण्यानं गुळण्या करतायत, असं चित्र डोळ्यांसमोर आलं.

"मला माहीत आहे," मी म्हणालो. "खाली जुनी सेप्टिक टँक आहे. इथं बोअर मारू नका."

रजतनं मोबाइल खाली केला. पहिल्या रांगेतली एक लहान मुलगी रडायला लागली.

"पक्कं माहीत आहे?" गणपतरावांनी विचारलं.

"पक्कं."

"तोंडी की लेखी? पुरावा काय?"

मी म्हणालो, आत माझा बॉल आहे.

कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, हा तो नाहीच, त्याचा भाऊ असेल. कोणी म्हणालं, याला त्या वर्धा रोडवाल्यानं फोडला. गणपतराव दुखावले होते. "आमी तुले एवढ्या दुरून बोलावलं ते माहीत नसते म्हणून," ते म्हणाले. "माहीत असणारे तं आमच्या बिल्डिंगमंदी घरोघरी आहेत."

मॅडम उठल्या. झाल्या प्रकाराबद्दल त्यांनी माफी मागितली आणि सगळीकडे नजर फिरवत रजतवर थांबल्या. त्यानं बी.कॉम. केलं होतं. जमिनीखाली काय असतं हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नव्हता. मॅडमनी तोच प्रश्न त्याला विचारल्यावर तो घाबरून म्हणाला, "मले काय माहीत मॅडम?"

असं निर्मळ माहीत नसणं मी कुठं ऐकलं नव्हतं. लोकांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला दिसला. मागून कोणीतरी टाळी वाजवली.

दोन दिवसांनी गाडी आली आणि कोपऱ्यात बोअर सुरू झाली. पहिला पाइप पुरता आत जायच्या आत जे वर आलं ते पहिल्या मजल्याच्या गॅलऱ्यांपर्यंत गेलं. नानाजी नारळ टाकून पळाले. वास सक्करदरा तलावापर्यंत गेला म्हणतात.

मला वाटलं, आता तरी. संध्याकाळी गणपतराव आमच्या ऑफिसात आले ते आंघोळ करून, पण ती पुरेशी झाली नव्हती. त्यांनी आधी रजतचा हात हातात घेतला. "या पोरानं आमाले सरळ सांगतलं होतं की त्याले माहीत नाही," ते मॅडमना म्हणाले. "याच्यावर आमचा काही रोष नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तुले माहीत होतं ना? मंग जोरात काहून नाही सांगतलं? आडवं व्हाचं होतं बोअरच्या गाडीपुढं. माहीत असून गप्प बसला, सारी जिम्मेदारी तुही आहे."

मी म्हणालो, काका, मी तर सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

"अन् बॉल?" ते म्हणाले. "सारं निघालं, बॉल नाही निघाला."



सोसायटीनं बाजूच्या जागेचं काम रजतच्याच नावानं दिलं. पुढच्या सोमवारी केबिनच्या दारावर त्याच्या नावाची पाटी लागली. त्याच दिवशी मॅडमनी मला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. आत छान गार होतं. मला काढून टाकतील असं वाटत होतं, ती आशाही गेली. त्या म्हणाल्या, सक्करदऱ्यासारखं पुन्हा व्हायला नको. यापुढं प्रत्येक साइटवर आदल्या दिवशी मी एकट्यानं जायचं. मशीन लावायचं, आकडे बघायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं, सगळं माहीत करून घ्यायचं आणि फक्त मॅडमना सांगायचं. धोका असेल तर फुली सरकवायला त्या नानाजींना सांगतील.

"आणि रजतला?" मी विचारलं.

"त्याला अजिबात नाही. त्याचं खरं राहिलं पाहिजे."

ज्या आकड्यांसाठी मी एवढा जीव टाकत होतो ते आता मला रोज मिळतात, भर उन्हात. रजत केबिनमध्ये बसतो, आणि मी येताना दिसलो की मॅडम त्याच्या दाराला बाहेरून कडी घालतात, मी काही बोलून बसू नये म्हणून. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीतही तो बाहेर येऊ शकत नाही. मी काचेतून त्याचा डबा बघतो. तो माझा कुलर बघतो.

काल मनीषनगरातल्याच दुसऱ्या एका सोसायटीत निघालो होतो; लोकांसमोर मशीन चालवायला मी लागतोच. मॅडम पुढं, आम्ही दोघं मागं. रजत बराच वेळ आपल्या नव्या कार्डाचा कोपरा दुमडत होता. मग हळूच माझ्याकडे झुकला.

"भाऊ, आज तरी सांगा ना. पाणी आहे का तिथं? मले झोप नाही येऊन राहिली. म्हातारे लोक पाया पडून राहिले आता."

परवा मी ती सगळी जमीन तपासली होती. खाली कोरडा काळा दगड, पाण्याचा थेंब नाही. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पुढच्या सीटवरून मॅडमनी हात लांबवला आणि मधला आरसा थोडा माझ्याकडे वळवला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

रजत माझ्याकडे बघत राहिला. "तुमच्याइतकं मले अजून नाही जमत," तो म्हणाला, आणि कार्ड पुन्हा सरळ करायला लागला.