साडेतीन, साडेचार

त्याने चाक जुन्या टायरवर पालथं घातलं, मागच्या कडेवर लोखंडी पट्टी आडवी टाकली आणि टेपचं टोक आत सोडलं, थेट जिथे चाक आसाच्या टोकाला, हबला टेकतं त्या सपाट जागेपर्यंत. मग वाकून आकडा वाचला. साडेचार. पट्टी थोडी फिरवून पुन्हा वाचला. साडेचारच.

"झालं का गं त्याचं?" दाराला टेकून उभ्या असलेल्या थोरल्या भावाने विचारलं. विचारलं पुतणीला, मोजणाऱ्या तिच्या बापाला नाही.

"दुसऱ्यांदा मोजतायत," पोरगी म्हणाली.

"मोजू दे. एकदाच मोजलं की काय होतं ते आपण पाहिलंय."

ती हसली. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. त्याने टेप सोडली, ती खर्रकन आत गेली.

चार वर्षांपूर्वी या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे मास्तर म्हणत. आता इंच्या म्हणत. नाव दादाने पाडलं होतं आणि ते असं काही चिकटलं, की मागच्याच महिन्यात पार्ट घेऊन आलेल्या नव्या माणसाने "इंच्या कुठं भेटेल?" असं त्यालाच विचारलं होतं. त्याने सामान उतरवून घेतलं, सही केली आणि सांगितलं, "मीच."

सतरा इंचाची दोन चाकं जमिनीवर होती, दुकानदाराने नमुना म्हणून पाठवलेली. दोन्ही बीडलॉकची. टायरची कड बाहेरून एका जाड रिंगखाली घालून चोवीस बोल्टांनी आवळायची, मग खडकाळ चढावर टायरमधली हवा जवळजवळ काढून टाकली तरी तो चाकावरून निसटत नाही. एक चाक नऊ इंच रुंद, साडेचार बॅकस्पेसिंगचं, म्हणजे मागच्या कडेपासून हबपर्यंतचं ते आत्ता मोजलेलं अंतर. दुसरं दहा इंच रुंद, साडेतीनचं. ऐकायला एकेका इंचाचा फरक. पण गाडीला लावल्यावर दुसरं चाक पहिल्यापेक्षा चांगलं दोन इंच बाहेर येणार होतं. कुठलं घ्यायचं ते दुपारच्या आत दुकानदाराला कळवायचं होतं. खडकांवरून गाडी चढवण्या-उतरवण्याची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती.

"दहावालं," दादा म्हणाला. "गाडी कशी पाय रोवून उभी राहते बघ त्यावर."

"उभी चांगली दिसते," तो म्हणाला. "पण चाक एवढं बाहेर गेलं की दगडाला लागल्यावर सगळा हिसका स्टिअरिंगला येतो. हबवर ताण येतो तो वेगळाच. शिवाय रुंद चाकावर टायर ताणला जातो, त्याचं पोट बाहेर सुटत नाही. मग रिंग उघडी पडते आणि बोल्ट दगडावर घासतात."

"आणि तुझं नऊवालं आत घासणार नाही?"

"नाही. लावून बघितलंय. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवलं. बोटभर जागा राहते."

"कुठलं बोट?" दादाने बुटाच्या टोकाने त्याच्या डाव्या पायाला हलकेच टोचलं. आतून पोकळ आवाज आला. "या पायाला एक तरी उरलंय का?"

पोरगी मोबाइलमध्ये बघत होती. तिच्या ओठाचा कोपरा वर गेला आणि खाली आला. त्याने तेवढं बघितलं आणि पट्टी फडक्याने पुसायला घेतली. पट्टी स्वच्छच होती.

तो पाय अशाच एका चाकावर गेला होता. दादा गाडी चालवायचा आणि हा बाजूच्या सीटवर बसून वाट सांगायचा. अकरा वर्षं दोघांनी मिळून स्पर्धा केल्या. त्या वर्षीही चाकांचं माप यानेच काढलं होतं, नऊ आणि साडेचार, आणि स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी टायर चढवलेली चाकं थेट मैदानावर आली. गाडीवरून उतरवतानाच त्याला कळलं, ही ती नाहीत. दादा म्हणाला, दुकानदाराने घोळ घातला, आता ऐनवेळी काय करणार, जरा हळू घेऊ. दादाने हळू घेतलं नाही. तिसऱ्या उतारावर चाकाने दगड घेतला, स्टिअरिंग दादाच्या हातातून सुटलं, हब तुटलं आणि गाडी डाव्या कुशीवर लोळली. दादा दोन टाक्यांवर सुटला.

स्पर्धेच्या समितीची माणसं चौकशीचे कागद घेऊन दवाखान्यात आली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आई उशाशी बसली होती. चालकाने मापं बदलली असं ठरलं तर दादाची गाडी कायमची बंद होणार होती. मेकॅनिक चुकला म्हटलं की चूक तेवढ्यावर मिटत होती. आई फार बोलली नाही. "तुझं तर आता तसंही थांबलंय," एवढंच म्हणाली आणि त्याच्या अंगावरची चादर नीट केली, जिथे पाय होता तिथेही. सकाळी त्याने सही केली. माप माझं, चूक माझी.

पुढे काठी घेऊन हिंडायला लागल्यावर तो दुकानदाराकडे जाऊन आला होता. दुकानदाराने सांगितलं, "तुमच्याच घरून फोन आला. दहा आणि साडेतीन करा म्हणून." त्याला त्यात नवल वाटलं नाही. दादाला तो लहानपणापासून ओळखत होता.

सलत होतं ते पोरीचं. बायको गेल्यावर पोरगी निम्मी दादाच्याच घरी वाढली. तरी अपघाताआधी ती यालाही "अरे बाबा" म्हणायची. गाडीखाली त्याच्या शेजारी पाठीवर पडून वाट्टेल ते विचारायची. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "तुम्ही गोळी घेतली का?" त्या दिवसापासून दादा अरे-तुरेतच राहिला आणि बाप तुम्ही झाला. चुकलेल्या माणसाला पोरं मनातून उतरवतात, त्याने स्वतःला समजावलं होतं. आणि गेल्या वर्षापासून दादाच्या बाजूच्या सीटवर तीच बसत होती.

म्हणून आज तो हटून बसला होता. चार वर्षांत पहिल्यांदा.

बाहेर हॉर्न वाजला. दादाला पैसे पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस गाडीचे फोटो काढायला आला होता. दादाने केसांवरून हात फिरवला.

"मी फोटो आटपतो. तू फोन कर," तो पुतणीला म्हणाला. "दहा आणि साडेतीन. चार चाकं, एक जादा. आणि याचं ऐकत बसू नकोस."

दादा गेला. वर्कशॉपमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला. पोरीने मोबाइलवर नंबर शोधला.

"जरा थांब," तो म्हणाला.

"बाबा, तुम्ही फक्त मोजून द्या. निवडायचं तुमच्याकडे नाहीये."

"निवडत नाही. एक सांगायचंय." तो स्टुलावर बसला, कारण उभ्याने बोलायला पाय साथ देत नव्हता. दोन्ही हात त्याने मांड्यांवर ठेवले. "तेव्हा मी साडेचारच लिहिलं होतं. माझं माप चुकलं नव्हतं. मागाहून कोणीतरी फोन करून बदललं. दादाला दोष द्यायला सांगत नाहीये. तू त्या सीटवर बसणार आहेस, म्हणून सांगतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आश्चर्य नव्हतं तिच्या चेहऱ्यावर. राग नव्हता, दयाही नव्हती.

"माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"फोन मी केला होता."

त्याने हात उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"काका म्हणाला, दुकानदाराला सांग, दहा आणि साडेतीन. बाबाला आत्ता बोलू नकोस, उगाच वाद घालत बसेल. मी सांगितलं. तुमचा कागद तिथेच टेबलावर होता. वाचला होता मी."

"एकोणीस वर्षांची होतीस तू," तो म्हणाला. तिला यातून बाहेर काढायचा रस्ता त्याला एवढाच दिसला.

"होते. पण साडेतीनने काय होतं ते मला माहीत होतं. तुम्हीच शिकवलं होतंत."

"मग मी सही केली तेव्हा…"

"बाहेर बाकावर बसले होते. आजी म्हणाली, गप्प राहा, तो करेल सही." तिने मोबाइल या हातातून त्या हातात घेतला. "आणि खरं सांगू? तुम्ही त्या सीटवर असतात तर मला ती मिळाली असती का कधी?"

हे ती भांडून बोलली नाही. चहात साखर किती, असं विचारावं तशा आवाजात बोलली. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तिच्या लेखी तो चुकलेला माणूस आहे; कधीतरी खरं कळेल आणि ती परत येईल. वाट बघण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

तिने नंबर लावला. पलीकडून उचलल्यावर नाव सांगितलं, ऑर्डर सांगितली.

"नऊ इंच," ती म्हणाली. "साडेचार बॅकस्पेसिंग. चार आणि एक जादा. हो, साडेचार. नक्की."

फोन ठेवून ती खाली बसली आणि नऊ इंची चाकाच्या कडेवर पट्टी टाकून तिने स्वतः एकदा मोजलं.

"तुमचं माप बरोबर असतं हे माझ्याइतकं कोणाला माहितीये," ती म्हणाली. "चाकं याही वेळी थेट मैदानावर येणार, ती बघून काका बोंबलेल. तेव्हा बदलायला वेळ नसेल. मी सांगेन, बाबांनी परस्पर फोन केला. त्याला पटेल."

"पटेल," तो म्हणाला.

"तुम्हाला काय, इंच इकडे की तिकडे. नाव तर आहेच."

त्याने मान हलवली. मग विचारलं, "सीटचा पट्टा नीट आवळतेस ना? खांद्यावरचा?"

"आवळते."

दादा आत आला तो हसतच. "दिली ऑर्डर?"

"दिली."

"दहा?"

"तर काय. बाबा कुरकुरत होते, पण दिली."

"कुरकुरणारच," दादा म्हणाला. "गाडी दुसऱ्याची, सीट दुसऱ्याची, याचा फक्त इंच." आणि ती हसली. या वेळी मोठ्याने, मान मागे टाकून, दादाच्या खांद्यावर हात ठेवून.

दादा पुन्हा बाहेर गेल्यावर तिने कोपऱ्यातलं जुनं जादा चाक ओढत आणलं आणि भिंतीवरचा पाना काढला.

"रिंगचे बोल्ट कसे आवळायचे तेवढं दाखवा. मैदानावर तुम्ही नसता, दर वेळी कोणाला तरी विचारावं लागतं."

तो स्टुलावरून उतरून जमिनीवर बसला. एक पाय दुमडून, एक सरळ ठेवून. "एकाच बाजूने सुटायचं नाही," तो म्हणाला. "हा आवळला की याच्या समोरचा. मग काटकोनात. पहिल्या फेरीत नुसता टेकवायचा. एकदम जोर लावला की रिंग वाकते, मग कितीही आवळ, हवा निघतच राहते." बोलता बोलता त्याने चार बोल्ट टेकवले. तिचं डोकं त्याच्या खांद्याशी आलं होतं, गाडीखाली असायचं तितकं जवळ.

"द्या," ती म्हणाली.

तिने पाना घेतला. पहिल्या फेरीत ती दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा त्याने बोटाने बोल्ट दाखवला. दुसऱ्या फेरीत एकदा. तिसऱ्या फेरीला तिचा हात न अडखळता समोरासमोर फिरत गेला, चोवीसच्या चोवीस. त्याने दाखवायला उचललेलं बोट तसंच हवेत राहिलं. मग त्याने ते मिटून घेतलं आणि स्टुलाचा आधार घेत उठायला लागला. त्याला वेळ लागत होता. ती पाना भिंतीवर अडकवून बाहेर गेली, फोटोत उभी राहायला.