बिसुनदत्तच्या घरचा नवा डबा

देवाचं नाव घ्यायला काय काय सामान लागतं, हे आमच्या मंगळवारच्या मंडळीला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. आम्ही आपले अडाणी. आम्हाला वाटायचं, एक पेटी, एक ढोलक, एक धनताल, समोर पोथी आणि गाणारं एक माणूस, एवढ्यात भागतं. धनताल म्हणजे लोखंडाची उभी सळई. ती मी वाजवतो, त्यामुळे देवाच्या दारात माझी वशिल्याची जागा आहे असा माझा समज होता.

हरगोविंद मास्तरांनी आमचे डोळे उघडले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, नामस्मरणाला आता वेगवान इंटरनेट लागतं. भिंतीएवढा टीव्ही लागतो. टीव्हीखाली लाकडी फळीसारखा लांबट स्पीकर लागतो. आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारा एक काळा डबा लागतो, ज्याच्यावर हिरवे दिवे लुकलुकतात. हे नसताना समुद्र ओलांडून या बेटावर मजुरीला आलेल्या आमच्या आजे-पणज्यांनी उसाच्या मळ्यात राबून, बराकींतल्या चिमणीच्या उजेडात काय भजन केलं असेल, देव जाणे. बहुतेक ते वरपर्यंत पोचलंच नसेल.

आता मुळात हा प्रश्न निघाला तो सुखराजी फुआमुळे. फुआ म्हणजे ज्याच्या घरी मंडळी बसते त्या बिसुनदत्तच्या बापाची बहीण, पण लंबासा गावच्या नदीपलीकडच्या आमच्या सगळ्या वस्तीचीच ती फुआ. मंडळीची गादी तिची. ती ओळ उचलायची, आम्ही ती झेलायचो. मग ती थांबून अर्थ सांगायची, आणि अर्थ सांगता सांगता ज्याची सून उपाशी असेल त्याच्याकडे नुसतं बघायची. त्या एका बघण्यावर वस्तीतले अर्धे संसार चालले आहेत. तिचं गाणं ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा, अजून येतो. असला गळा देव फार विचार करून कुणाला तरी देतो.

पण गुडघ्यांनी दगा दिला, आणि तिच्या मुलानं, उमाशंकरनं, तिला ब्रिस्बेनला नेलं. ती गेली ती एका अटीवर. "माझा मंगळवार मोडायचा नाही," तिनं विमानतळावर बिसुनला बजावलं. तेव्हापासून दर मंगळवारी बिसुनच्या बैठकीत लोणच्याच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केला जायचा, फ्रिजवरच्या इंटरनेटच्या जुन्या डब्याला हात जोडले जायचे, आणि ब्रिस्बेनच्या कुठल्याशा खोलीत फुआ गादीवर बसायची.

जुना डबा मोठा गुणी. ऐन रंगात आला की बंद पडायचा. फुआ तोंड उघडं टाकून चित्रासारखी थिजायची. मग आम्ही खाली बघायचो, ढोलक घुटमळायचा, आणि स्वयंपाकघराच्या दारामागून, हलव्याच्या कढईसमोरून, बिसुनची बायको धनमती भौजी तीच ओळ उचलायची. आम्ही मागे जायचो. थोड्या वेळानं फुआ हलू लागायची. "कुठं आहात रे?" ती विचारायची. भौजी लगेच गप्प. जणू ती जन्मात कधी गायलीच नाही. आम्हीही तिचं नाव काढत नसू. मोठ्या माणसाच्या गादीसमोर दुसऱ्या कुणी गायलं, हे बोलून दाखवायची आमच्यात रीत नाही.

असं वर्षभर चाललं. मग देवाच्या जन्माचा पाठ आला. घर भरलेलं, पाळणा सजवलेला, फुआनं जन्माची ओळ उचलली आणि डब्यानं नेमका तोच क्षण धरला. फुआ थिजली ती परत आलीच नाही. देव आमच्याकडे भौजीच्या आवाजात जन्मले.

दुसऱ्या दिवशी फुआचा फोन आला. "बिसुन, मी गादी सोडते."

"असं काय बोलतेस, फुआ!"

"निम्मं गाणारी बाई गादीवर शोभत नाही. एक तर माझा आवाज धड पोचू दे, नाही तर दुसरं कुणी बसव. मी इथं मंगळवारची वाट बघत बसते रे, दुसरं करायला आहे काय मला? त्यातही निम्मा मंगळवार भिंतीशी बोलण्यात जातो."

बिसुन फोन ठेवून तसाच बसला. साखर कारखान्याच्या काट्यावर त्यानं जन्म घालवला. उसाचा प्रत्येक ट्रक तोलल्याशिवाय त्यानं आत सोडला नाही, आणि घरातली कुठली गोष्टही तो तोलल्याशिवाय ठरवत नाही. तोलायला त्याला वेळ लागतो. छपराचा पत्रा बदलायचा की नाही हे तो तोलत होता, तेवढ्यात वादळानं छपरच नेलं आणि प्रश्न सोडवला.

मास्तर मात्र तयारच होते. "मी काय म्हणतो, बिसुन भैया, मोठा टीव्ही आला म्हणजे फुआ असो-नसो, अडत नाही. इंटरनेटवर एकाहून एक प्रवचनकार पडलेत. दाबलं बटन की कीर्तन सुरू."

"आणि आपण काय करायचं?" मी विचारलं.

"ऐकायचं! जगेसर, तुझ्या त्या सळईला जरा विश्रांती."

"आणि शनिवारी त्याच टीव्हीवर रग्बी सेव्हन्सची मॅच," धनमती भौजी आतून म्हणाली. "मास्तरांची भक्ती मला माहीत आहे."

"आता टीव्ही आहेच म्हटल्यावर भौजी, तो फुकट कशाला ठेवायचा?" मास्तर म्हणाले. शिकलेला माणूस; त्याच्याकडे उत्तर तयार असतं.

शेवटी कंपनीचा माणूस बोलावला. इसोआ नावाचा, पलीकडच्या गावातला काईवीती, म्हणजे या बेटांचा मूळ रहिवासी, आमची बोली आमच्या सुवा शहरातल्या भाच्यांपेक्षा स्वच्छ बोलणारा. बिसुननं त्याला कावाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या इथल्या पेयाची, करवंटी दिली. त्यानं रीतीप्रमाणे एकदा टाळी वाजवली, करवंटी एका दमात रिकामी केली आणि डब्याचे गुण गायला लागला. घरात एकाच वेळी सगळ्यांनी सगळं बघितलं तरी हा डबा दमत नाही. चित्र असं, की माणसाच्या नाकातला केस मोजावा.

"वजन किती?" बिसुननं विचारलं.

"कशाचं, भैया?"

"डब्याचं."

इसोआनं डबा त्याच्या हातात दिला. बिसुननं तो वरखाली करून पाहिला. "जुना जड होता," तो उदास होऊन म्हणाला.

"महिनाभर वापरून बघ. नाही पटलं तर मी स्वतः उचलून नेतो," इसोआ म्हणाला, आणि बिसुनला तोलायला महिना मिळाला म्हणून तो हो म्हणाला.

डब्याबरोबर भिंतीएवढा टीव्ही आणि त्याच्यावरचा कॅमेराही लागला, आणि पहिल्या मंगळवारी कोण गर्दी! ज्यांना आम्ही देवभोळे म्हणून कधीच ओळखत नव्हतो तेही स्वच्छ कपडे घालून हजर. भिंतीवर फुआ प्रकटली, कपाटाएवढी. आम्ही हात जोडले. फुआनं आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पहिलं वाक्य बोलली, "हरगोविंद, शर्टाची बटणं लाव."

मग तिनं ओळ उचलली. आवाज असा स्वच्छ, की डोळे मिटले तर ती शेजारी बसली आहे असं वाटावं. ओळ संपली. आम्ही ती झेलली. आमची ओळ संपली. फुआ नुसती बघत राहिली. आम्हीही बघत राहिलो. मग तिनं पुढची उचलली.

झालं होतं असं, की आवाजाला इथून ब्रिस्बेनला जाऊन परत यायला जरासा वेळ लागत होता. फार नाही, एक उसासा टाकण्याइतका. पण आमच्या मंडळीत मोठ्या माणसाची ओळ पूर्ण खाली टेकल्याशिवाय आपण तोंड उघडत नाही. आणि फुआसुद्धा आमचा शेवटचा सूर कानी पडल्याशिवाय पुढं जात नाही. तिच्या सासऱ्यानं तिला तसं शिकवलंय. आम्ही तिच्यासाठी थांबायचो. ती आमच्यासाठी थांबायची. आम्ही थांबलो म्हणून ती आणखी सावकाश गायची, ती सावकाश गाते म्हणून आम्ही आणखी अदबीनं. ढोलकवाल्याचा हात हवेतच राहायचा. समोर वनवासाचा पाठ होता, आणि त्या संध्याकाळी देव अयोध्येच्या वेशीपर्यंतसुद्धा पोचले नाहीत. हलव्यावर साय धरली.

"पण आवाज किती स्वच्छ!" मास्तर म्हणाले.

जुन्या डब्याचे उपकार तेव्हा आम्हाला कळले. तो बंद पडायचा म्हणजे आम्हाला पुढं जायची मुभा द्यायचा. फुआला ओलांडण्याचं पाप तो बिचारा आपल्या डोक्यावर घ्यायचा. नवा डबा कसला पुण्यवान! स्वतः काही चुकायचा नाही आणि आम्हालाही चुकू द्यायचा नाही.

दुसऱ्या मंगळवारी तेच. फुआचा चेहरा भिंतीवर स्वच्छ दिसत होता, त्यामुळे तो उतरलेलाही स्वच्छ दिसला. "मला आता गायला येत नाही वाटतं," ती शेवटी म्हणाली. "पुढच्या मंगळवारी बघू. नाही जमलं तर मास्तर, तुझे ते प्रवचनकार लाव." आणि खुद्द मास्तरांनीच हातातला रिमोट खाली ठेवला.

बिसुननं इसोआला बोलावलं. इसोआनं वायरी काढल्या, घातल्या, दिवे मोजले. "डबा उत्तम आहे, भैया. तुम्ही तिच्यासाठी थांबूच नका. तिची ओळ संपत आली की सरळ पुढं गा."

ढोलकवाल्यानं कानाला हात लावले.

"फुआच्या पुढं?" बिसुन म्हणाला.

"किंवा तिला सांग, आमच्यासाठी थांबू नकोस म्हणावं."

"तू सांग," बिसुननं मोबाइल त्याच्यापुढं धरला. "लावून देतो."

इसोआ धिप्पाड गडी, रग्बी खेळलेला. पण त्यालाही कुठंतरी एक आत्या असणारच. त्यानं करवंटी उपडी ठेवली आणि दुसरीकडे काम आहे म्हणून निघून गेला.

तिसरा मंगळवार आला. बिसुन सकाळपासून जेवला नव्हता. फुआनं ओळ उचलली, आम्ही झेलली, ती थांबली, आम्ही थांबलो. आणि मग ती बोललीच नाही. आम्ही डब्याकडे पाहिलं. दिवे हिरवे होते.

"बिसुन," फुआ म्हणाली, "जुन्या डब्यावर मी अडकले की गायचं कोण?"

"कोणी नाही, फुआ."

"कोणी नाही कसं? मी परत यायची तेव्हा तुम्ही दोन ओळी पुढं गेलेले असायचात. पोथी काय आपल्या पायांनी चालते?"

बिसुन चटईकडे बघू लागला. मी सळईकडे. ढोलकवाल्याला ढोलकाची दोरी आवळायची आठवण झाली.

"जगेसर, तू सांग. तुला खोटं नीट बोलता येत नाही."

"भौजी," मी म्हणालो.

"धनमती! बाहेर ये."

"फुआ, हलवा लागेल," आतून आवाज आला.

"लागू दे. करपलेला हलवा मास्तर खाईल. बाहेर ये म्हणते ना!"

भौजी पदराला हात पुसत दारात उभी राहिली, खाली मान घालून, चोरी पकडल्यासारखी. "तुमची गादी मी कधी... तुम्ही थांबलात म्हणून नुसतं..."

"जन्माची ओळ तूच गायलीस?"

भौजीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते.

फुआनं तिच्याकडे नुसतं बघितलं. त्याच नजरेनं, जिच्यावर अर्धे संसार चालतात. मग म्हणाली, "मग आता मोठ्यानं गा. मला दारामागचं ऐकू येत नाही. आणि बिसुन, माझा आवाज बंद करायचं बटन असेल त्या दांडीवर, ते दाब. मी मध्ये असले की तुम्हाला पुढं जाता येत नाही."

"मग गादी, फुआ?" बिसुननं विचारलं. "तू गादी सोडतेस?"

"गादी कुठं जातेय रे! गाणं तिथं होईल, अर्थ मी इथून सांगेन. अर्थ थोडा उशिरा पोचला तरी चालतो. दाब."

बिसुननं रिमोट घेतला आणि तो तोलत राहिला. मग मास्तरांकडे दिला. मास्तरांनी माझ्याकडे. मी ढोलकवाल्याकडे. फुआचं तोंड बंद करणारं बोट आमच्या वस्तीत कुठल्याच पुरुषाच्या हाताला नव्हतं. शेवटी भौजीनंच तुपाच्या हातानं ते दाबलं. आधी भिंतीवरच्या फुआला नमस्कार केला, मग दाबलं.

आणि ती गायली. दारामागून नाही, मधोमध बसून, गळा सोडून. आम्ही झेललं. ढोलक मोकळा सुटला. भिंतीवर फुआचे ओठ हलत होते, आवाज नसलेले, आमच्यापेक्षा एक उसासा मागे, आणि तिचा हात मांडीवर ठेका धरत होता. माझा धनताल दोनदा चुकला. त्या संध्याकाळी देव नदी ओलांडून गेले. मग भौजीनं बटन परत दाबलं आणि फुआनं नावाड्याचा अर्थ असा सांगितला, की कावाची करवंटी फिरायची थांबली.

महिना भरला तसा इसोआ आला, डबा न्यायचा का विचारायला. आणि काय आश्चर्य, सगळ्यांत आधी मास्तर बोलले. "मी काय म्हणतो, बिसुन भैया, जुना डबाच बरा होता. साधेपणा होता त्यात."

मास्तरांचं हृदयपरिवर्तन मी समजू शकतो. नव्या डब्यातून फुआला सगळं दिसतं. अर्थ चालू असताना कोण पेंगतो, आरतीच्या आधी कोण कावाकडे सरकतो, कोण दुसऱ्यांदा हलवा घेतो. मागच्या मंगळवारी तर तिनं मास्तरांना भर पाठात ब्रिस्बेनहून हाक मारून जागं केलं होतं. माझंही मत, खरं सांगायचं तर, साधेपणाकडे झुकू लागलं होतं.

बिसुननं फोन लावला. "फुआ, डबा ठेवायचा की परत द्यायचा?"

"ठेव," फुआ म्हणाली. "मला धनमती नीट दिसते त्यात."

बिसुननं डबा एकदा हातावर तोलला, फ्रिजवर ठेवला आणि जुन्या डब्याची विणलेली जाळी त्याच्यावर घातली. आता दर मंगळवारी बैठकीतल्या खांबामागच्या जागेसाठी मास्तर सगळ्यांच्या आधी येतात. तेवढाच एक कोपरा फुआला दिसत नाही. आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.