डागावरचं फूल

मी जाळीचा झगा बोलतोय. इतका झिरझिरीत, की दुसऱ्या कपड्यावरूनच घालायचा. जन्मानं मात्र मी देवळालीच्या एका साहेबाच्या खिडकीचा पडदा. साहेब विलायतेला निघाला, सामान विकलं गेलं आणि मी नाशकात सिताराच्या पेटीत येऊन पडलो. घरातलं सगळं तिथून ऐकू यायचं. ऐकायची मला खोडच. खिडकीत वाढलेला दुसरं काय शिकणार?

सिताराच्या लेकीचा, रेहानाचा निकाह ठरला होता. नवरा खलील, मालेगावच्या हातमागवाल्यांचा मुलगा. निकाहाला नवरीनं सासरहून आलेलाच जोडा, म्हणजे कुडता-सलवार, घालायचा, अशी त्यांची रीत. तो गुलाबी रेशमी जोडा आला. सिताराची थोरली नणंद जहिदा त्यावर कोळशाची इस्त्री फिरवत होती आणि नेमकं तेव्हाच सितारानं तोंड उघडलं.

“आपा, पाहुण्यांसमोर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू नका.”

“मी कशाला ठेवू? जेवतील ते ठेवतील.”

जुंपली ती धूर निघेपर्यंत. कुडत्याच्या छातीवर रुपयाएवढा तपकिरी डाग! इस्त्री जहिदाच्या हातात, भांडण सितारानं काढलेलं. दोष कुणाचा ते आजवर ठरलेलं नाही.

“फुफी, सासूबाईंनी बघितलं तर?” रेहाना आत्याकडे बघून रडायला लागली. त्या बाईची जीभ सगळ्यांना ठाऊक होती. आपण पाठवलेला जोडा जाळला म्हटल्यावर ती वऱ्हाड घेऊन परत जायला कमी करणार नव्हती.

सितारानं मला पेटीतून ओढलं.

“नवरीला खिडकीचा पडदा?” जहिदा फिसकन हसली. “मग दांडीपण लाव.”

“तुम्ही नुसतं मशीनचं चाक फिरवा.”

माझ्यावर दाट विणीची मोठी मोठी फुलं आहेत, बाकी सगळं आरपार. रेहानाला उभी करून, मला सरकवून सरकवून सितारानं एक फूल बरोब्बर डागावर आणलं आणि कात्री चालवली. जाळी मशीनच्या दातांत अडकते, म्हणून खाली कागद धरून शिवायची, मग कागद फाडून काढायचा. हातमशीनवर एकीनं चाक फिरवायचं, दुसरीनं कापड सरकवायचं. जहिदा रागानं गरागरा फिरवी. “हळू!” “तुझाच हात जड!” माझी एक शिवण वाकडी आहे, ती त्याच वेळची.

घालून बघितलं, डाग गायब. जहिदानं तोंड वाकडं केलं, म्हणजे छानच दिसत असणार.

निकाहाच्या दिवशी रेहानाला बायकांत आणून बसवलं. आता नवरी बसते कशी? मान खाली, पाठीला पोक. मी ढिला पडलो, फूल घसरलं, डाग वर डोकावला. दोघींनी उभ्या मुलीवर माप घेतलं होतं! जन्मभर नवऱ्या बघितल्या, पण भांडणाच्या नादात एकीलाही सुचलं नाही.

सासूबाई समोरून येतच होत्या. सितारा थिजली. जहिदानं आपल्या ओढणीची पिन उपसली, “नीट बस गं, उंटासारखी काय बसतेस!” म्हणत फूल वर ओढलं आणि खच्चकन टोचली.

सासूबाईंनी मला दोन बोटांत धरलं. “ही जाळी कुणी चढवली? आमचा जोडा कमी पडला?”

“तुमच्या रेशमाला नजर लागेल, म्हणून माझ्या भावजयीनं झाकलाय,” जहिदा म्हणाली.

निकाह झाला.

रेहानानं कुडता सासरी आपल्या पेटीच्या तळाशी घातला आणि पिन माझ्याच फुलात टोचून मला माहेरी धाडलं. मी पुन्हा सिताराच्या पेटीत. निरोप एवढाच, की फुफीची पिन फुफीला द्या. सितारा म्हणते, आपांनी मागावी, मग देईन. जहिदा म्हणते, तिनं आणून द्यावी, मग घेईन. त्यावरून दोघींचं बोलणंच बंद आहे.

पिनेला गंज चढलाय. डाग झाकणाऱ्या त्या फुलावर आता तसाच तपकिरी डाग पडलाय. उद्या तिथं भोक पडेल. या घरी तुमचं जाणं-येणं असेल तर एवढं करा: सिताराची पेटी उघडा, पिन काढा, जहिदाला नेऊन द्या. कुणी पाठवली, असं विचारलंच, तर बेलाशक सिताराचं नाव सांगा.